पडले कोण, मी की ताई? (आठवणी, कारणं आणि मेंदूच्या थापा)

पाऊलखूण | शनिवार, रात्री १०:१२

बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडले. हनुवटी फुटली, रक्त थांबेना, आईने हिरवा टॉवेल दाबून धरला आणि बाबा मला उचलून दवाखान्यात धावले. टाके घालतानाचा डोक्यावरचा पांढरा दिवा, औषधाचा नाकात शिरणारा वास, सगळं आजही जसंच्या तसं आहे माझ्याकडे. तीस वर्षं हा किस्सा सांगत आलेय. कॉलेजात सांगितला, ऑफिसात सांगितला, झोपाळ्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येक पोराला तर हमखास सांगितला.

गेल्या आठवड्यात ताईसमोर सुरुवात केली, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं, पडले मी होते." मी हसले. तिने मान वर करून हनुवटीखालची खूण दाखवली. टाक्यांची, चांगली बोटाच्या पेराएवढी. माझी हनुवटी कोरी.

गंमत पुढेच आहे. माझ्या तोंडून तिथल्या तिथे काय निघावं? "लहानपणच्या खुणा वाढत्या वयात भरून येतात, माझी गेली असेल." असं मी कधी वाचलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. विचार करायला सेकंदही घेतला नव्हता. पण म्हटलं इतक्या छातीठोकपणे की ताईच घटकाभर गप्प झाली.

तर दोन प्रश्न. जे माझ्या बाबतीत घडलंच नाही ते मला इतकं लख्ख कसं आठवतं? आणि ते खूण भरून आल्याचं कारण कुणी रचलं? मी तरी रचलं नाही, शपथ. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रातकिडा | शनिवार, रात्री ११:४०

वाचतोय. माझ्या धाकट्या भावाने माझा एक पराक्रम असाच ढापलाय. पोलिसात जावं की मानसतज्ज्ञाकडे, ते या धाग्यावर ठरवेन. (हलकेच घ्या.)

खडूफळा | रविवार, सकाळी ७:०५

रातकिडा, आधी तो पराक्रम तुमचाच होता ना, एवढं तपासून घ्या.

पाऊलखूण, मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे पाल्हाळ होणार, हे आधीच सांगतो.

तुमच्यासारखा प्रकार चांगलाच नोंदलेला आहे. शीन, केम्प आणि रुबिन या तिघांनी २००१ साली जुळ्या भावंडांवर काम केलं. एकेक शब्द द्यायचा आणि त्यावरून आठवेल तो प्रसंग सांगायला लावायचा. २० जोड्यांपैकी १४ जोड्यांत निदान एक तरी प्रसंग असा निघाला की दोघांचाही दावा, "हे माझ्या बाबतीत घडलं." म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही.

आठवण ही कपाटात ठेवलेली फाइल नव्हे, काढली, वाचली, परत ठेवली असं होत नाही. दृश्य एकीकडे, वास दुसरीकडे, भीती तिसरीकडे अशी ती मेंदूत विखुरलेली असते. ते तुकडे एकत्र बांधायला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि आठवायचं म्हणजे दर वेळी नव्याने बांधायचं. आता तुमचा प्रसंग बघा. तुम्ही तिथे असणारच. टॉवेल पाहिला असेल, दवाखान्यात सोबत गेला असाल, वास घेतला असेल. तुकडे तुमचेच आहेत, खरेच आहेत. वाक्य तेच राहिलं, फक्त कर्ता बदलला.

आणि तीस वर्षं किस्सा सांगितलात, त्याने आठवण पक्की झाली असं तुम्हाला वाटत असेल. पक्की झाली, पण काय पक्कं झालं हा प्रश्न आहे. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की मुरलेली भीतीची आठवणसुद्धा जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा मुरावं लागतं. त्या वेळात औषधाने अडथळा आणला तर ती विरते. माणसाचं प्रकरण अर्थातच जास्त गुंतागुंतीचं आहे. पण प्रत्येक वेळी किस्सा सांगताना तुम्ही मूळ प्रसंगापेक्षा मागच्या वेळचा किस्साच जास्त आठवत असणार.

दुसरा प्रश्न जास्त रसाळ आहे. संध्याकाळी लिहितो.

शंकासुर | रविवार, सकाळी ९:३०

सर, नावाला जागून काडी टाकतो. सहा वर्षांच्या पोराचं सोडा. मोठ्या माणसाला मोठा धक्का बसला की तो क्षण कायमचा कोरला जातो. एखादी भयंकर बातमी ऐकली तेव्हा आपण कुठे उभे होतो, हातात काय होतं, हे कुणीही सांगतं. तिथे कर्ता कसा बदलेल?

खडूफळा | रविवार, दुपारी १:१५

काडीबद्दल आभार, कारण याच समजुतीला एका माणसाने कागदावर पकडलंय. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उल्रिक नाइसर यांनी वर्गातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होतात. कागद बाजूला ठेवून दिले. अडीच-एक वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं सगळंच चुकलं. सगळं बरोबर सांगणारे तिघे.

त्याहून मला भावतं ते पुढचं. त्यांना त्यांच्याच अक्षरातले जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण परत आली नाही. नवीनच खरी वाटत राहिली. खात्री किती आहे याचा आणि बरोबर किती आहे याचा फारसा मेळ नव्हता.

कर्ताच कशाला, एक क्रियापद बदललं तरी पुरतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आहे. मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, "गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना 'धडकल्या'च्या जागी 'एकमेकींवर आदळून चुराडा झाला' या धाटणीचं क्रियापद. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जण 'हो' म्हणाले, जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६.

शंकासुर | रविवार, दुपारी १:४०

मग कोर्टातल्या साक्षीदारांचं काय?

खडूफळा | रविवार, दुपारी १:५२

तेच तर. अमेरिकेत वर्षानुवर्षं तुरुंगात राहून नंतर डीएनए तपासणीमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या बहुतेक खटल्यांत कुणीतरी शपथेवर सांगितलेलं होतं, "हाच तो माणूस." त्यातले कितीतरी साक्षीदार खोटं बोलत नव्हते.

नवखी | रविवार, दुपारी ४:२०

धागा भारी आहे. विषय निघालाच आहे तर माझे फुटकळ प्रश्न उरकून टाकते: १) आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो का? २) डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलाकार, हे खरं का? ३) २१ दिवसांत सवय लागते का? माझे २१ दिवस तीनदा झालेत, सवय काही लागली नाही.

गणिती | रविवार, संध्याकाळी ५:०३

१) नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के आणि नुसतं बसल्याबसल्या खातो २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा. नऊ दशांश भाग रिकामा बसवून एवढा खर्च कुठलंही शरीर परवडवून घेणार नाही.

२) नाही. बोलण्याचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त चालतं, इतपत खरं. हिशेब असो की चित्र, दोन्ही बाजू कामाला लागतात.

३) हा २१ चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. 'निदान' गळालं आणि चेहराही गळाला, आकडा तेवढा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा मध्यक आला ६६ दिवस आणि अंदाजांचा पल्ला १८ ते २५४. एखादा दिवस चुकला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही, हेही त्यात दिसलं. त्यामुळे तुमचे ६३ वाया गेलेले नाहीत, तीन दिवस अजून बघा.

नवखी | रविवार, संध्याकाळी ५:१०

तीन दिवस!! चालेल.

खडूफळा | रविवार, रात्री ८:३०

आता दुसरा प्रश्न. खूण भरून आल्याचं कारण कुणी रचलं?

अपस्माराचे तीव्र झटके थांबवण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, कापत असत. अशा रुग्णांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांचा एक प्रयोग मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचो. एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला दाखवला कोंबडीचा पंजा, उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. समोर चित्रं मांडलेली, जुळणारं चित्र दोन्ही हातांनी दाखवायचं. पट्टा कापल्यावर एका अर्धगोलाने पाहिलेलं दुसऱ्याला कळत नाही, आणि उजवा हात चालवतो डावा अर्धगोल, डावा हात उजवा. उजव्या हाताने दाखवली कोंबडी. डाव्याने दाखवलं फावडं, बर्फ उपसायला. दोन्ही बरोबर.

मग विचारलं, फावडं का? बोलतो तो डावा अर्धगोल, आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. "माहीत नाही" हे प्रामाणिक उत्तर झालं असतं. रुग्ण क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!

गॅझॅनिगांनी या यंत्रणेला नाव दिलं 'इंटरप्रीटर'. मी मुलांना 'भाष्यकार' म्हणून सांगायचो. क्रिकेटचं समालोचन करणारा बॅट धरत नाही, पण शॉट का मारला हे सांगायला तो कधी अडत नाही. पाऊलखूण, तुमच्या भाष्यकारापुढे दोन गोष्टी आल्या, 'पडले मी' आणि 'खूण नाही'. त्याने एका सेकंदात खुराडं साफ करून दिलं.

शंकासुर | रविवार, रात्री ८:४७

कापलेल्या मेंदूचं ठीक आहे. आमचे अखंड आहेत.

खडूफळा | रविवार, रात्री ९:२०

अखंड मेंदूंचीच कथा मग. १९७७ साली निस्बेट आणि विल्सन यांनी मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सर्वांत चांगली निवडायला सांगितलं. चारही तंतोतंत सारख्या होत्या. तरी उजव्या टोकाची जोडी डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट वेळा निवडली गेली. कारण विचारलं की लोक वीण, पोत असलं काहीबाही सांगत. जागेचं नाव कुणी काढलं नाही, आणि "जागेमुळे निवडली असेल का?" असं विचारल्यावर विचारणाऱ्याच्याच डोक्यात काही फरक आहे की काय अशा नजरेने बघत.

दुसरा प्रयोग २००५ चा, स्वीडनमधला, योहानसन आणि हॉल यांचा. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून विचारायचं, कोणता आवडला? मग जादूगारासारखी हातचलाखी करून नावडलेला फोटोच हातात द्यायचा: हा का आवडला ते सांगा. बहुतेक अदलाबदली लोकांच्या लक्षातच आल्या नाहीत. लोक न आवडलेल्या चेहऱ्याच्या आवडीची कारणं सांगत बसले. एकाने सांगितलं, मला कानातली आवडतात. त्याने मुळात निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काही नव्हतं.

रातकिडा | सोमवार, पहाटे २:५५

सर, झोप उडवलीत. तशी ती उडालेलीच असते म्हणा.

रात्री या वेळी मी हेच करत पडलेला असतो. अमक्याने फोन उचलला नाही, का? मागच्या महिन्यात मी असं बोललो म्हणून. तमकी हसली नाही, का? अशी एकाला एक कारणं जोडत जातो आणि प्रत्येक जोड इतका घट्ट बसतो की पहाटेपर्यंत खटला उभा राहून निकालसुद्धा लागलेला असतो. सकाळी कळतं, फोन चार्जिंगला होता. म्हणजे माझा भाष्यकार ओव्हरटाइम करतो.

अवांतर: दुसऱ्या खोलीत काहीतरी आणायला जावं आणि दारातून आत गेल्यावर काय आणायचं तेच विसरावं, हे का होतं?

गणिती | सोमवार, सकाळी ८:१०

रातकिडा, दाराचं उत्तर मी देतो, कारण तिथे मला एक हिशेब चुकता करायचाय. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांच्या प्रयोगांवरून म्हणतात की दार ओलांडलं की मेंदू 'एक प्रसंग संपला' असं धरून नवं पान उघडतो. ऐकायला झकास. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी करून पाहिलं, तर एरवी परिणाम जवळपास दिसला नाही. डोक्यावर दुसऱ्या कामाचा भार टाकल्यावरच दिसला. म्हणजे दोष दाराचा कमी आणि तुमच्या डोक्यात आधीच चाललेल्या खटल्यांचा जास्त.

आणि आता सरांना प्रश्न. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ निष्कर्षाला दुजोरा देणारे निघाले ३६ टक्के. मग तुम्ही वर सांगितलेल्यातलं टिकतं किती? का हेही खुराडंच?

खडूफळा | सोमवार, सकाळी ११:३०

रास्त प्रश्न, आणि माझ्या पिढीच्या शिक्षकांना झोंबणारा. मी वर्गात जीव ओतून शिकवलेल्या काही गोष्टी आता शिकवल्या नसत्या. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग घ्या, लुटुपुटीच्या तुरुंगात काही विद्यार्थ्यांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवलं होतं तो. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याचं वळण संशोधकांच्या बाजूनेच दिलं जात होतं, हे पुढे उघड झालं. मी मात्र 'बघा, वर्दी चढवली की माणूस कसा बदलतो' असं सांगून मोकळा व्हायचो. मुलं थरारून ऐकायची, मलाही बरं वाटायचं.

टिकलेलं पण पुष्कळ आहे. नंतर कानावर आलेल्या माहितीने आठवण वाकते, हे अनेक प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या वयाच्या लोकांवर पुनःपुन्हा दिसलंय. फोटोंची हातचलाखी पुढे मतांच्या प्रश्नावलीवरही करून पाहिली. लोक स्वतःच्या मताच्या नेमक्या उलट बाजूने युक्तिवाद करताना सापडले. दोन भागांत तोडलेल्या मेंदूचे रुग्ण मुळातच मोजके, त्यामुळे तिथे सावधपणे बोलावं. 'भाष्यकार' ही माझ्या लेखी सोयीची उपमा आहे, मेंदूत तशा नावाची कुठली गाठ नाही.

सांजवेळ | सोमवार, रात्री ९:४८

लिहावं की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. शीर्षकातला 'थापा' हा शब्द टोचला, म्हणून लिहितेय. पाऊलखूण, तुमच्यावर राग नाही.

बाबांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. शुद्धीवर आले, बोलायला लागले, माणसं ओळखली. फक्त हात लुळा पडलाय हे मान्यच करेनात. मी म्हणायचे, "बाबा, डावा हात उचला." ते म्हणायचे, "उचललाय की." हात चादरीवर पडलेला. मी तो हातात घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची, तर म्हणायचे, "दमलाय तो, राहू दे." एकदा म्हणाले, "हा तुझा आहे."

आम्हाला वाटलं हट्ट करतायत. पहिल्यापासून मानी स्वभाव. मी त्यांच्याशी भांडले, हो, आजारी माणसाशी. "खोटं का बोलता?" असं ओरडलेसुद्धा. जिथे ते भरती होते तिथे कुणीही आम्हाला सांगितलं नाही की या प्रकाराला नाव आहे. ते मी नंतर कुठेतरी वाचलं. दीडेक महिन्याने एके सकाळी स्वतःच म्हणाले, "हा हात हलत नाही गं." तेव्हा मी जास्त रडले.

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३०

सांजवेळ, बरं केलंत लिहिलंत. त्याला ॲनोसोग्नोसिया म्हणतात, बाबिन्स्की यांनी १९१४ साली दिलेलं नाव. बहुतेक वेळा मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की दिसतं, म्हणून हात डावा. तुमच्या बाबांचं 'दमलाय तो' हे वाक्य जसंच्या तसं जगभरच्या रुग्णांच्या नोंदींत सापडतं, आणि काही आठवड्यांत ते ओसरणं हेही नेहमीचं.

खोटं बोलायला खरं ठाऊक असावं लागतं. बाबांना हात हलत नाही ही बातमीच पोचत नव्हती, आणि बातमी नसतानाही उत्तर द्यायची सवय शाबूत होती. 'थापा' हा शब्द मीही हसत हसत चालवून घेतला. तो तुमच्या बाबांना लागू नाही.

पाऊलखूण | सोमवार, रात्री ११:०२

सांजवेळ, माफ करा. शीर्षक बदलायचा प्रयत्न केला, प्रतिसाद आल्यावर बदलता येत नाही म्हणे. संपादकांना कळवलंय.

सांजवेळ | मंगळवार, सकाळी ७:२०

राहू द्या. बाबा असते तर त्यांनाच हसू आलं असतं.

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०:१५

एक साधी गोष्ट कुणी विचारलीच नाही. पाऊलखूण, आईबाबांना विचारा ना!

पाऊलखूण | मंगळवार, दुपारी १२:४०

आई नाही आता. बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "पडलं होतं बुवा कुणीतरी दोघींतलं." मग थोडं थांबून, "की शेजारचा मुलगा होता?"

गणिती | मंगळवार, दुपारी १२:५५

चाचणी सुचवतो. तुम्ही आणि ताई, दोघी वेगवेगळ्या बसा आणि आठवतंय ते सगळं कागदावर लिहा. आधी एकमेकींशी अवाक्षर नाही. नाइसरसाहेबांना तीस वर्षांचा उशीर झालाय, पण असू दे.

पाऊलखूण | रविवार, रात्री ९:३०

केलं. आज दोघी समोरासमोर बसून कागद उघडले.

माझ्या कागदावर झोपाळा आहे. ताईच्या कागदावर जिना. झोपाळा आमच्या त्या घरात नव्हताच, असं ती म्हणते. माझ्याकडे संध्याकाळ आहे, तिच्याकडे शाळेला निघायची वेळ. दवाखान्यात पांढरा दिवा माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिने डोळे गच्च मिटले होते. तिने शेवटी एक ओळ लिहिलीय: "छोटी दारात उभी राहून माझ्यापेक्षा जोरात रडत होती." ती ओळ वाचली आणि मी पडले नव्हते हे मला पहिल्यांदा पटलं. तरी झोपाळ्याची कडी अजून दिसतेच, सर. पटलं म्हणून दिसायची थांबत नाही.

एक मात्र आहे. टॉवेल दोघींच्या कागदावर आहे, आणि दोन्हीकडे हिरवा. निदान तेवढं तरी खरं घडलं!

शंकासुर | रविवार, रात्री ९:४१

तीस वर्षं किस्सा कोण सांगत आलंय? टॉवेलचा रंग ताईंनी तुमच्याकडूनच ऐकला नसेल कशावरून?

पाऊलखूण | रविवार, रात्री ९:४४

एवढा एक टॉवेल उरला होता हो माझ्याकडे.